बायसनचा चौथा पाय गेला कुठे?

गेल्या आठवड्यात एका मित्राने ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये टेबलावर पाच रुपयांचं नाणं ठेवलं. असं, की जणू साखरपुड्याची अंगठीच! ‘बघ, वर्षाखाली मिंट मार्कच नाहीये. एरर कॉइन! तीन हजारांत पटवलं.’

‘अरे, ते कोलकात्याचं आहे,’ मी शक्य तितक्या हळू म्हणाले. मुंबई टांकसाळीच्या नाण्यावर वर्षाखाली पत्त्यांतल्या चौकटसारखी खूण असते, हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका. कोलकाता खूणच करत नाही. जे कधी नव्हतंच, ते गायब कसं होणार? गडी गप्प. वडापाव तसाच.

खरंच काहीतरी गायब झालेलं नाणं बघायचं, तर अमेरिकेत डेन्व्हरच्या टांकसाळीत १९३७ साली पडलेलं पाच सेंटचं नाणं बघा. त्यावरच्या बायसनला तीनच पाय आहेत! झालं असं, की मधे कोरी चकती नसताना वरची आणि खालची डाय एकमेकींवर आदळली, की एकीची छाप दुसरीवर उमटते. ते डाग काढायला डाय घासतात. इथे जरा जास्तच घासली गेली. नाण्यावर जे उठावदार दिसतं, ते डायमध्ये खोलगट कोरलेलं असतं. वरचा सपाट भाग घासत गेलं की उथळ कोरीवकाम सगळ्यात आधी पुसलं जातं. पुढचा उजवा पाय गेला, खूर तेवढा राहिला.

आता गंमत. चार पायांच्या साध्या नाण्याचा पाय खरवडून ते ‘दुर्मीळ’ म्हणून विकणारे महाभागही आहेतच. पण खऱ्या नाण्यावर बायसनच्या पोटाखाली बारीक उठावदार ठिपक्यांची धार दिसते. खरवडून धातू काढता येतो, वाढवता येत नाही. त्यामुळे भिंग घेऊन आधी पोटाखाली बघायचं.

बाकीची कारणं एवढी फिल्मी नाहीत. डायच्या खोबणीत ग्रीस आणि धूळ साचली की एखादं अक्षर अर्धवट उमटतं, पण आजूबाजूचं सगळं ठणठणीत असतं. ठोकाच हलका पडला तर डायमध्ये खोल कोरलेले, म्हणजे नाण्यावरचे उंच भाग दोन्ही बाजूंनी बुळबुळीत दिसतात. आणि खिशात फिरून झिजलं असेल, तर आधी उंच भाग जातात, कडाही गुळगुळीत होते, वजन घटतं. ही चूक नाही, म्हातारपण आहे.

ब्रिटनमध्ये तर २००८ साली २० पेन्सच्या काही नाण्यांवरून वर्षच उडालं. नव्या डिझाइनमध्ये वर्ष मागच्या बाजूवरून राणीच्या बाजूला आणलं होतं. कुणीतरी नव्या मागच्या डायला राणीची जुनी डाय जोडली. डाय दोन्ही धडधाकट, जोडी चुकली!

मित्राने विकणाऱ्याला फोन लावला. रिंग वाजते, उचलत कुणी नाही. नाणं अजून त्याच्या पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात आहे. काल कॅन्टीनवाल्याने पाच सुटे मागितले, तर म्हणाला, ‘नाहीयेत.’