कोकणातल्या यहुदी कबरी वाचणार कोण?

इस्रायलमधल्या लोद, अश्दोद, दिमोना या शहरांत रोहेकर, पेणकर, किहीमकर, नवगावकर भेटतात. ही बेने इस्रायल कुटुंबे. एकेकाळी कोकणात तेलाचे घाणे चालवणारी आणि शनिवारी ते बंद ठेवणारी, म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणवली जाणारी. त्यांच्या नातवंडांचे शिक्षण हिब्रूत झाले; मराठी त्यांच्या कानावर पडते, वाचता मात्र येतेच असे नाही. पणजोबांचा शोध घ्यायला ती संगणकापुढे बसतात, तेव्हा पोलंडहून आलेल्या शेजाऱ्याच्या मानाने त्यांच्या हाती फार थोडे लागते. ही उणीव भरून काढायची तर मराठी वाचणाऱ्यांनीच पुढे यायला हवे.

पोलंडच्या नोंदी काही आपोआप सोप्या झाल्या नाहीत. रशियाच्या अमलाखालच्या पोलंडमध्ये १८२६ पासून यहुद्यांचे जन्म, विवाह आणि मृत्यू स्वतंत्र वह्यांत लिहिले जात. १८६८ पर्यंत त्या वह्या पोलिश भाषेत होत्या, पुढे रशियनमध्ये. अमेरिकेतल्या वंशजांना यातली एकही भाषा येईना. १९९५ मध्ये ‘ज्यूइश रेकॉर्ड्स इंडेक्सिंग–पोलंड’ हा उपक्रम सुरू झाला आणि स्वयंसेवकांनी पानामागून पान वाचून लाखो नावांची सूची उभी केली. ‘ज्यूइशजेन’ या संस्थेच्या जागतिक दफन-नोंदवहीत आज चाळीस लाखांहून अधिक नोंदी आहेत. एकाच आडनावाची दहा स्पेलिंगे होतात, ही अडचणही सोडवली गेली: गॅरी मोकोटॉफ आणि रँडी डाइच यांनी १९८५ मध्ये उच्चारावरून नाव शोधण्याची पद्धत बसवली.

ती पद्धत पूर्व युरोपातल्या उच्चारांसाठी होती. कोकणात तिचा निभाव लागणे कठीण. समाजी हसाजी दिवेकर यांचेच उदाहरण घ्या. मुंबईतले पहिले सिनेगॉग त्यांनी १७९६ मध्ये उभारले. इंग्रजी पुस्तकांत ते सॅम्युएल इझिकेल दिवेकर होतात, आणि हिब्रू रीतीने लिहायचे तर श्मुएल बेन येहेझ्केल. हसाजी आणि येहेझ्केल हे एकच, हे यंत्राला कुणीतरी जाणत्याने सांगावे लागते. शिवाय दिवेकर हिंदूंमध्येही आहेत, त्यामुळे नुसत्या आडनावावर विसंबणारा भलत्याच घरात शिरतो.

म्हणून कबरीचा दगड मोलाचा. यहुदी रीतीप्रमाणे हिब्रू ओळीत मृताच्या नावापुढे वडिलांचे नाव येते, म्हणजे एका दगडावर दोन पिढ्या सापडतात. विवाहित स्त्रीच्या बाबतीत तर याचे महत्त्व फार: मराठी किंवा इंग्रजी ओळीत सासरचे आडनाव असले, तरी हिब्रू ओळ तिच्या वडिलांचे नाव सांगते आणि माहेरचा धागा हाती येतो. सालही काढता येते. हिब्रू वर्षातला हजाराचा अंक बहुधा गाळलेला असतो. उरलेल्या संख्येत १२४० मिळवायचे. ६३३ म्हणजे १८७३. मात्र यहुदी नववर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होते, त्यामुळे वर्षाच्या पहिल्या तीनेक महिन्यांतला मृत्यू असेल तर इसवी सन एकाने मागे, १८७२.

हे दगड उघड्यावर आहेत. रायगडचा पाऊस अक्षरे झिजवतो, आणि देखभाल करणारी माणसे मोजकी उरली आहेत. रेवदंडा, अलिबाग आणि पेण इथली सिनेगॉग एकोणिसाव्या शतकातली. सगळ्या भारतात मिळून यहुदी आज काही हजारच आहेत. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला, ते योग्यच झाले. पण अक्षरे वाचवण्याचे काम दर्जा दिल्याने होत नाही.

हे काम नेटाने आणि मर्यादा पाळून व्हावे. सूचीतली नोंद हा शोधाचा पत्ता. पुरावा म्हणजे मूळ दगडाचे किंवा पानाचे छायाचित्र. म्हणून दोन्ही एकत्र ठेवायला हवीत. सिनेगॉगच्या विश्वस्तांची परवानगी आधी घ्यावी, जिवंत माणसांचे तपशील बाहेर येऊ देऊ नयेत. पोलंडमध्ये जन्माच्या नोंदी शंभर आणि मृत्यूच्या ऐंशी वर्षांनंतरच खुल्या होतात. जुन्या रजिस्टरांसाठी असा दंडक इथेही पाळावा. दगडावर खडू घासू नये, आम्लाने धुऊ नये. सकाळच्या तिरप्या उन्हात झिजलेली अक्षरेही उठून दिसतात. मजकूर आहे तसा, अशुद्धलेखनासकट उतरवावा आणि न लागलेल्या अक्षराची जागा मोकळी सोडावी. अंदाजाने भरलेले नाव पुढच्या दहा संशोधकांना चकवते.

रायगडमधल्या महाविद्यालयांच्या इतिहास आणि मराठी विभागांनी हे हाती घ्यावे. विद्यार्थ्यांकडे मोबाइल आहेत, देवनागरी त्यांना सहज वाचता येते, आणि हिब्रू ओळींसाठी समाजातल्या जाणत्यांची मदत मागता येईल. दिवाळीनंतर गवत वाळले की एका गावची दफनभूमी घ्यावी, प्रत्येक कबरीला क्रमांक द्यावा आणि तयार झालेली यादी छायाचित्रांसह ज्यूइशजेनकडे पाठवावी. स्वयंसेवकांनी केलेल्या अशा याद्या ती नोंदवही स्वीकारते.