आमदारांच्या हाती तुरुंगाची किल्ली कशाला?

अमेरिकेची निवडणूक जवळ आली की लखनौमध्ये हजरतगंजच्या कॉफी हाउसात आवाज चढतात. पेन्सिल्व्हेनियाची १९ इलेक्टोरल मतं कुणाच्या पदरात पडणार, सिनेट कुणाकडे जाणार, सगळ्यांची गणितं तयार असतात. मी इथल्याच एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झाले, त्यामुळे शंका माझ्यापर्यंत येतात. अलीकडे एक शंका हमखास येते: काँग्रेसने साक्षीला बोलावलं आणि माणूस गेलाच नाही, तर पुढे काय?

ट्रम्प यांचे माजी सल्लागार स्टीव्ह बॅनन हे ताजं उदाहरण. ६ जानेवारी २०२१ ला वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलवर जमाव चालून गेला. त्याची चौकशी करणाऱ्या समितीने बॅनन यांना बोलावलं, ते गेले नाहीत. प्रतिनिधिगृहाने अवमानाचा ठराव केला. पण शिक्षा सभागृहाने दिली नाही. ठराव न्याय खात्याकडे गेला, खटला भरला गेला, ज्यूरीने दोषी ठरवलं, अपील झालं आणि मग २०२४ मध्ये ते चार महिन्यांसाठी आत गेले. हे ऐकून समोरचा मान डोलावतो. मग मी विचारते, आपल्या विधानभवनात काय होतं, ठाऊक आहे? तिथे बहुतेकांची गाडी अडते.

मुंबईच्या वाचकांनी तरी १९५२ सालची गोष्ट माहीत करून घ्यावी. करंजियांच्या ‘ब्लिट्झ’ या मुंबईच्या साप्ताहिकात उत्तर प्रदेश विधानसभेचे अध्यक्ष नफीसुल हसन यांच्यावर टीका करणारा मजकूर आला. सभागृहाच्या विशेषाधिकारांचा भंग झाला म्हणून विधानसभेने वॉरंट काढलं. संपादकपदाचं काम पाहणाऱ्या होमी मिस्त्रींना मुंबईत त्यांच्या घरी अटक झाली आणि थेट लखनौला आणून इथल्या एका हॉटेलात अध्यक्षांच्या ताब्यात ठेवलं गेलं. अटक केलेल्याला चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचं, हा राज्यघटनेचा साधा नियम कुणी पाळला नाही. सर्वोच्च न्यायालयाने त्याच मुद्द्यावर त्यांना सोडलं.

बारा वर्षांनी प्रकरण याहून पुढे गेलं. गोरखपूरचे समाजवादी कार्यकर्ते केशव सिंह यांनी एका काँग्रेस आमदाराविरुद्ध पत्रक वाटलं. सभागृहाने समज देण्यासाठी बोलावलं, तेव्हा लखनौच्या भाड्याला पैसे नाहीत असं त्यांनी कळवलं. १४ मार्च १९६४ ला त्यांना पकडून आणलं, तर ते अध्यक्षांकडे पाठ करून उभे राहिले. सात दिवसांची कैद झाली. उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाच्या दोन न्यायमूर्तींनी जामीन दिला. त्यावर विधानसभेने काय करावं? केशव सिंह, त्यांचा वकील आणि जामीन देणारे दोन्ही न्यायमूर्ती, सगळ्यांनाच अटक करून सभागृहापुढे आणा, असा ठराव केला! न्यायमूर्तींना अलाहाबाद गाठून आपल्याच न्यायालयात अर्ज करावा लागला. २८ न्यायमूर्तींच्या पीठाने तो ठराव रोखला.

वर्गात मी हे सांगायचे तेव्हा मुली हसायच्या. मग एखादी विचारायची, “मॅडम, आमदारांना जजसाहेबांना पकडता येतं?” याच प्रश्नाचं उत्तर राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाकडे मागितलं. सात न्यायमूर्तींच्या पीठावर सरन्यायाधीश होते साताऱ्याचे प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर. सप्टेंबर १९६४ मध्ये सहा विरुद्ध एक असं मत आलं: अर्ज ऐकून घेण्याचा उच्च न्यायालयाला अधिकार होता, न्यायमूर्तींनी अवमान केलेला नाही, इंग्लंडात पार्लमेंट सार्वभौम असेल, इथे राज्यघटना सर्वोच्च आहे.

इथवर सांगून बहुतेक जण थांबतात. पुढचं असं की, १९६५ मध्ये त्याच उच्च न्यायालयाने केशव सिंह यांचा मूळ अर्ज फेटाळला. शिक्षा करण्याचा सभागृहाचा अधिकार शाबूत राहिला. न्यायमूर्ती वाचले, पत्रक वाटणारा वाचला नाही.

अमेरिकेतही सुरुवात अशीच होती. १८४८ मध्ये मेक्सिकोबरोबरच्या तहाचा गुप्त मसुदा ‘न्यूयॉर्क हेरल्ड’चे वार्ताहर जॉन न्यूजंट यांच्या हाती लागला आणि छापला गेला. तो कुणी दिला हे सांगेनात, म्हणून सिनेटने त्यांना कॅपिटॉलमध्येच अडकवलं. ते तिथूनच बातम्या पाठवत राहिले, मालकाने पगार वाढवला, आणि महिन्याभराने सिनेटने कंटाळून सोडून दिलं. फरक पडला तो नंतर. १८५७ च्या कायद्याने काँग्रेसचा अवमान हा न्यायालयात चालवायचा गुन्हा ठरला. १८८१ मध्ये हॅलेट किलबर्न यांच्या प्रकरणात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रतिनिधिगृहाला बजावलं की, मनाला येईल त्याला कोंडता येणार नाही. स्वतः कोंडून ठेवण्याचा अधिकार कागदावर अजून आहे, पण १९३०च्या दशकानंतर तो वापरात नाही.

तिथली व्यवस्था निर्दोष नाही. खटला भरणारं न्याय खातं राष्ट्राध्यक्षांच्या हाताखालचं. म्हणून बॅनन यांच्यावर खटला झाला, पण त्याच समितीपुढे न आलेल्या, ट्रम्प यांच्या माजी चीफ ऑफ स्टाफ मार्क मेडोज यांच्यावर झाला नाही. तरीही आरोप एकाने ठेवायचा, खटला दुसऱ्याने चालवायचा आणि निकाल तिसऱ्याने द्यायचा, एवढं तिथे पाळलं जातं. आपल्याकडे सभागृहच फिर्यादी, सभागृहच न्यायाधीश.

हे सगळं जुनं म्हणून सोडून द्यावं, तर ३ मार्च २०२३ आठवा. लखनौच्या विधानसभेचं पुन्हा न्यायालय झालं. २००४ मध्ये कानपूरला भाजप आमदार सलिल विश्नोई यांच्या मोर्चावर लाठीमार झाला होता. त्याबद्दल सहा पोलिसांना मध्यरात्रीपर्यंतची कैद सुनावली गेली. लोकप्रतिनिधीला मारहाण हा गंभीरच गुन्हा आहे. पण लाठीमार समाजवादी पक्षाच्या राज्यात झाला आणि शिक्षा भाजपच्या राज्यात. मधल्या जवळपास एकोणीस वर्षांत कायदा बदलला नाही, बदललं फक्त बहुमत. पोलीस दोषी असतील तर काही तासांची कैद हास्यास्पद, आणि नसतील तर तेवढीही अन्यायाची.

महाराष्ट्रानेही नाक मुरडू नये. २००८ मध्ये आपल्या विधानसभेने राज्य निवडणूक आयुक्त नंदलाल यांना विशेषाधिकारभंगासाठी दोन दिवस तुरुंगात पाठवलं. निवडणूक घेणाऱ्याला निवडणूक लढवणारे आत टाकू शकतात, हे ट्रम्प यांच्या कारकिर्दीवर तासन्‌तास बोलणाऱ्या आपल्या वाहिन्यांना किती दिवस खुपलं?

राज्यघटनेच्या १९४व्या कलमात म्हटलंय की, हे विशेषाधिकार विधिमंडळाने कायदा करून ठरवावेत. तोवर ब्रिटिश हाउस ऑफ कॉमन्सचे अधिकार लागू. १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने कॉमन्सचं नाव तेवढं गाळलं, आशय तोच ठेवला. ‘तोवर’ म्हणून केलेली सोय सात दशकं उलटूनही चालू आहे, कारण लिहून ठेवलं की मर्यादा येते आणि ती कुणालाच नको आहे.

सभागृहात निर्भयपणे बोलण्याचं संरक्षण आमदारांना हवंच. गोंधळ घालणाऱ्याला बाहेर काढण्याचा अधिकारही हवा. पण बाहेरच्या नागरिकाला, पत्रकाराला, अधिकाऱ्याला तुरुंगात पाठवायचं असेल तर भंग कशाला म्हणायचं ते कायद्यात लिहा, खटला न्यायालयात चालवा आणि अपिलाची वाट मोकळी ठेवा. लखनौ आणि मुंबई, दोन्हीकडची विधानसभा मनात आणलं तर हे एका अधिवेशनात करू शकते. आपण होऊन ती करणार नाही. तेव्हा पुढच्या निवडणुकीत मत मागायला दारी येणाऱ्याला पाणी, रस्ते यांबरोबर हेही विचारा: मी तुमच्याविरुद्ध पत्रक काढलं, तर मला शिक्षा कोण देणार?