आजारी कोण?

उपचारात्मक अध्यापन! शब्द बघा मित्रांनो. उपचार कुणावर करतात? आजाऱ्यावर. म्हंजे आमचं पोरगं वर्गात मागं पडलं की ते रोगी. शाळा ठणठणीत, सरकार ठणठणीत.

मी सूतगिरणीत रिंग खात्यात राबतो. शिकलो ते पाळी सुटल्यावर, उसन्या पुस्तकांवर. माझ्या जोडीदाराच्या पोरीला शाळेनं 'अप्रगत' ठरवून वेगळ्या बाकावर बसवलं. का? तर ती 'न्हाई' लिहिते. तिची आई न्हाई म्हणते, आजी न्हाई म्हणते, अख्खी वस्ती न्हाई म्हणते. प्रमाण मराठी ज्यांच्या घरात बोलतात त्यांची पोरं आईच्या दुधाबरोबरच प्रगत होतात!

जादा तास नकोत असं मी म्हणत नाही. पायजेतच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात ते लिहिलंय. वयानुसार वर्गात बसवलेल्या पोराला खास प्रशिक्षण हा त्याचा हक्क (कलम ४). कुवत पाहून जादा शिकवणं हे मास्तराचं काम (कलम २४). पण २७ व्या कलमानं मास्तराला जनगणनेला, निवडणुकीला जुंपायची वाटही मोकळी ठेवली. मास्तर मतदारयादी घेऊन आमच्याच गल्लीत हिंडतो, आणि वर्ग ओस. मग २०१९ ची दुरुस्ती आली. पाचवीत नापास झालं तर जादा शिकवणी, दोन महिन्यांत फेरपरीक्षा, तिथंही पडलं तर राज्याला वाटल्यास पुन्हा त्याच वर्गात. पाच वर्षांची थकबाकी शाळेची, आणि दोन महिन्यांत फेडायची पोरानं?

जोतीबा-सावित्रीबाईंनी दिवसा राबणाऱ्यांसाठी १८५५ साली रात्रशाळा काढली. तिला त्यांनी दवाखाना म्हटलं नाही. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनं १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढलं. आधी छप्पर, भाकरी, दिवा, मग पुस्तक. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं झोपतात तिथं पोरानं गृहपाठ कुठं करायचा, हे कुठल्या उपचारात बसतं?

आता कार्यकर्त्यांना एक विचारतो. जयंतीची वर्गणी आपण घरोघर फिरून काढतो. पण कलम २१ प्रमाणं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक लागतात, वंचितांच्या पालकांना प्रमाणात जागा लागते. तुमच्या वस्तीच्या शाळेत त्या जागेवर कोण बसलंय? पुढल्या बैठकीला आयाबायांना घेऊन जा. जादा तास कोण घेतो, शाळेच्या वेळेत की बाहेर, हजेरी कुठंय, विचारा. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. अंगठा नाही, सही करा. आणि सहीआधी वाचून घ्या.