खेळण्यांची परीक्षा : अर्धा तुझा, अर्धा माझा

आज आपल्या परीक्षेला बसलेला विद्यार्थी जरा चमत्कारिक आहे बरं का. उजवं अंग हिरवं, डावं अंग काळं! जणू कुणी डोक्यापासून पायापर्यंत मधोमध रेघ मारली आणि दोन बाजू दोन वेगळ्या रंगांच्या डब्यांत बुडवून काढल्या. नाव कामेन रायडर डबल, गाव जपान, उंची वीतभराहूनही कमी. आणि खरी गंमत पुढेच आहे. त्याला दोन्ही हातांनी धरून हळूच ओढलं, की तो नाकाच्या सरळ रेषेत चक्क दोन तुकडे होतो! घाबरू नका, मोडला नाही. त्याला तसाच बनवलाय.

बांदाई या जपानी कंपनीने २००९ साली ही फिगर काढली. त्या मालिकेचं नाव ‘डब्ल्यूएफसी’, म्हणजे ‘डबल फॉर्म चेंज’. फॉर्म चेंज म्हणजे रूप बदलणं. आता हे रूप का बदलायचं, आणि तेही अर्धंच का, हे कळण्यासाठी आधी थोडी गोष्ट सांगायला हवी.

जपानी भाषेत ‘कामेन’ म्हणजे मुखवटा. कामेन रायडर म्हणजे मुखवटा घातलेला मोटारसायकलस्वार. शोतारो इशिनोमोरी या चित्रकथाकाराने हा वीर निर्माण केला आणि ३ एप्रिल १९७१ ला तो जपानच्या टीव्हीवर पहिल्यांदा दिसला. चेहरा नाकतोड्यासारखा, गळ्यात लाल मफलर आणि कमरेच्या पट्ट्यात एक भिरभिरं! वारा लागून ते भिरभिरं गरगर फिरलं, की साधा माणूस वीर व्हायचा. या रूप बदलण्याला जपानी मुलं ‘हेन्शिन’ म्हणतात. तुम्ही ‘भो’ म्हणून उडी मारता ना, तशी तिकडची मुलं ‘हेन्शिन!’ ओरडून हात फिरवतात.

पण हात फिरवायची ही खास ढब पहिल्या रायडरची नव्हेच. त्याचं काम करणारा नट हिरोशी फुजिओका याला शूटिंगच्या वेळी मोटारसायकलचा अपघात झाला आणि त्याचा पाय मोडला. मालिकेचं शूटिंग तर नुकतंच सुरू झालेलं! मग दुसरा रायडर आणला गेला, आणि ‘हेन्शिन’ म्हणत हात फिरवायची पद्धत त्याच्यापासून पडली. पुढे पहिला बरा होऊन परतला आणि दोघं जोडीने लढले. म्हणजे अगदी सुरुवातीपासूनच या गोष्टीत एकाच्या जागी दुसरा उभा राहिलेला आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अर्धा-अर्धा वीरही इशिनोमोरींना नवा नव्हता. १९७२ मध्ये त्यांचा ‘किकायडर’ टीव्हीवर आला. हा यंत्रमानव अर्धा निळा, अर्धा लाल! पण तो बिचारा एकटाच दोन रंगांचा होता. ६ सप्टेंबर २००९ ला सुरू झालेल्या ‘कामेन रायडर डबल’ने मात्र त्याच्यापुढची उडी मारली. इथे एका अंगात खरोखरच दोन माणसं आहेत!

फुतो नावाचं एक काल्पनिक शहर आहे. फुतो म्हणजे वाऱ्याचं शहर. तिथे शोतारो हिदारी नावाचा एक तरुण गुप्तहेर राहतो. जरा रुबाब मारणारा, पण मनाने हळवा. त्याचा जोडीदार फिलिप. हा पुस्तकी किडा, सगळं माहीत असलेला, पण माणसांशी कसं वागावं ते न कळणारा. संकट आलं की दोघं कमरेला पट्टा बांधतात आणि पेन ड्राइव्हसारखी दिसणारी एकेक ‘गाया मेमरी’ त्यात खोचतात. फिलिपचं शरीर जागच्या जागी कोसळतं आणि त्याचं मन शोतारोच्या शरीरात जातं. उजवं अंग फिलिपच्या मेमरीचं, डावं अंग शोतारोच्या मेमरीचं. (जपानीत ‘हिदारी’ म्हणजेच डावा! नाव ठेवणाऱ्यानेही गंमत केली आहे.) आतून फिलिप बोलू लागला, की उजवा डोळा लुकलुकतो.

आता खेळण्याकडे वळू. फिलिपकडच्या उजव्या बाजूच्या मुख्य मेमरी तीन : हिरवी सायक्लोन म्हणजे वारा, लाल हीट म्हणजे उष्णता आणि पिवळी लुना म्हणजे चंद्र. शोतारोकडच्या डाव्या बाजूच्याही तीन : काळी जोकर, रुपेरी मेटल आणि निळी ट्रिगर. जोकर हातापायांनी लढतो, मेटलकडे लांब दांडा असतो, ट्रिगरकडे बंदूक. उजवी बाजू बदलली की त्याच शस्त्राचा गुण बदलतो. हीटबरोबर ट्रिगरची बंदूक आग ओकते, आणि लुनाबरोबर तीच गोळी वळणं घेत शत्रूला शोधत जाते!

या सहा बाजू तीन खोक्यांत मिळायच्या. पहिल्यात सायक्लोन-जोकर, दुसऱ्यात हीट-मेटल, तिसऱ्यात लुना-ट्रिगर. आता वही-पेन्सिल घ्या. (हो, खेळण्याच्या पानावरही गणित आहे. पळून जाऊ नका!) एक खोकं असेल, तर रूप एकच. त्याची अदलाबदल कुणाशी करणार? दोन खोकी असतील, तर उजव्या बाजू दोन, डाव्या बाजू दोन आणि रूपं चार. तीन खोकी असतील, तर तीन त्रिक नऊ! म्हणजे दुसऱ्या खोक्याने तीन नवी रूपं दिली आणि तिसऱ्याने पाच. म्हणूनच दोन घेतलेल्या मुलाला तिसरं हवंहवंसं वाटतं. हे काही आपोआप झालेलं नाही. कंपनीच्या लोकांनाही हे गणित पक्कं येतं. टीव्हीवर रविवारी सकाळी नवं रूप दिसायचं आणि दुकानात ते मिळायचं. ‘बघ आणि मग घे’ असा हा मामला होता, हे आपण उघड्या डोळ्यांनी समजून घ्यावं.

पण एका बाबतीत या खेळण्याची पाठ थोपटायला हवी. मोठ्या संग्राहकांसाठी बांदाईनेच ‘एस. एच. फिगुआर्ट्स’ नावाच्या मालिकेत हाच वीर काढला. तो दिसायला जास्त देखणा आणि सांधे जास्त सफाईदार. पण तिथे प्रत्येक रूपाची फिगर वेगळी! नऊ रूपं हवी असतील, तर नऊ वेळा खिशात हात घाला. मुलांच्या या साध्या खेळण्यात मात्र तीन खोक्यांत नऊ रूपं होतात. कपाटात ठेवायची वस्तू आणि खेळायची वस्तू यांत हा असा फरक असतो.

आता कसोटी. फिगरची पहिली अडचण म्हणजे मधली चीर. कोणतीही वस्तू दोन तुकड्यांची केली की चीर दिसणारच. पण डबलच्या अंगावर मुळातच मधोमध रुपेरी पट्टा आहे, त्यामुळे ती चीर त्या पट्ट्यातच दडून जाते. जे लपवायचं तेच नक्षीत बसवलं. वा, काय डोकं आहे! दुसरी गंमत म्हणजे त्याची शेवटची लाथ. मालिकेत सायक्लोन-जोकर हवेत उडी मारतो, मधोमध दुभंगतो, आणि आधी एक अर्धा, मग दुसरा अर्धा शत्रूला लाथ घालतो. घरी हे करायला ना कॅमेरा लागत, ना तारा. दोन अर्धे दोन हातांत धरले की झालं!

आता उणिवा. दोन तुकडे एकमेकांत बसतात ते खुंट्यांवर. प्लॅस्टिकची खुंटी रोज पन्नास वेळा काढली-घातली, की झिजणार आणि सैल होणार. मग आपला वीर लढाईच्या ऐन मोक्याला आपोआप दोन तुकडे होऊन पडतो! तेव्हा तिरका पिळू नका, दोन्ही बाजूंना सरळ ओढा. दांडा, बंदूक अशी छोटी शस्त्रं सोफ्याखाली गडप होण्यात पटाईत असतात. त्यांच्यासाठी एखादी रिकामी काड्यापेटी किंवा छोटी डबी ठेवा.

आईबाबांसाठी चार शब्द

ही फिगर २००९-१० मधली आहे. आता ती नवी बनत नाही, त्यामुळे मिळाली तर वापरलेलीच मिळेल. घेताना तीन गोष्टी बघा : दोन्ही अर्धे घट्ट बसतात का, शस्त्रं सगळी आहेत का, आणि प्लॅस्टिक कुठे पांढरं पडलंय का. (पांढरी रेघ म्हणजे तिथे तडा जायच्या बेतात आहे.) विक्रेत्याकडून फक्त खोक्याचा फोटो घेऊ नका, आतल्या वस्तूचा मागा. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल, तर छोटी शस्त्रं त्याच्यापासून लांबच ठेवा. आणि संग्राहकांमुळे किंमत फुगली असेल, तर सरळ नाही म्हणा. मुलांना ‘नाही’चं कारण सांगितलं तर कळतं. नुसतं ‘नाही’ मात्र कळत नाही.

आणि आता तुमच्यासाठी, दोस्तांनो. तीनही खोकी एकट्याने घेऊन नऊ रूपं बनवणारा मुलगा श्रीमंत असेल. पण समजा, तीन मित्रांनी एकेक खोकं घेतलं. एकट्या-एकट्याकडे रूप एकेकच. तिघं एका सतरंजीवर बसले की मात्र नऊ! इथे तुमच्या मित्राचं खेळणं तुमच्या खेळण्याला मोठं करतं. असं खेळणं फार कमी मिळतं. बहुतेक खेळणी ‘माझं तुझ्यापेक्षा भारी’ एवढंच शिकवतात.

अर्थात भांडणंही होतील. ‘माझा लाल अर्धा दे परत!’ होऊ देत. मालिकेत शोतारो आणि फिलिपही भांडतात. आणि भांडण झालं की त्यांची जोडी जमत नाही, मग राक्षस त्यांना धरून बडवतो. एका शरीरात राहायचं तर आधी एकमेकांचं ऐकावं लागतं.

गोष्टीच्या शेवटी-शेवटी असा प्रसंग येतो, की फिलिप नाहीसा होतो आणि शोतारो एकटा उरतो. तेव्हा तो काय करतो? रडतो, टोपी सावरतो, आणि फक्त जोकरची मेमरी घेऊन हेन्शिन करतो. हिरवं अंग गेलेलं, डावं-उजवं दोन्ही काळं. एकटा, पण पुरा. पुढे फिलिपचं काय झालं ते सांगत नाही, कारण कुणी पुढे मालिका बघितली तर मला शिव्या देईल. इतकंच सांगतो, की २०१७ पासून या दोघांची कथा ‘फुतो पी. आय.’ या चित्रकथेत पुढे चालू झाली आणि २०२२ मध्ये तिच्यावर ॲनिमेशन मालिकाही आली.

खेळण्याचा एक अर्धा टेबलावर ठेवून बघा. उभा राहत नाही, कलंडतो. एका पायावर कोण उभं राहणार? तुमच्या वर्गातही दर वर्षी कुणाच्या तरी बाबांची बदली होते आणि बाक अर्धा रिकामा होतो. बाकावरचा उरलेला मुलगा किंवा मुलगी चार दिवस अशीच कलंडलेली असते. शिकवण्या, खेळ, डबा, कशातच लक्ष नसतं. अशा वेळी शहाणपणाचे बोल कामाला येत नाहीत, दुसरं कुणी तरी बाजूला येऊन बसावं लागतं. रंग वेगळा असला तरी चालतो. हिरव्याच्या जागी लाल आला, तरी खुंट्या बसतात!

प्रगतिपुस्तक

दिसणं : १० पैकी ७
रूप बदलण्याची सोय : १० पैकी ९
टिकाऊपणा : १० पैकी ६
मित्रांबरोबर खेळण्याची मजा : १० पैकी १०
शेरा : हुशार आहे, पण एकटा बसवू नये.

या वेळचं कोडं

अशाच रचनेचं चौथं खोकं निघालं असतं, उजवी बाजू नवी आणि डावीही नवी, तर एकूण रूपं किती झाली असती? आणि त्यांतली नवी किती? उत्तर खाली आहे, पण आधी स्वतः करा. बोटं मोडलीत तरी चालेल!

(उत्तर : एकूण १६, नवी ७. आता १, ३, ५, ७ या आकड्यांकडे नीट बघा आणि गणिताच्या बाईंना विचारा, त्यांची बेरीज दर वेळी वर्गसंख्याच का येते!)