बिलावरचा पहारा कोडमध्येच हवा

क्लाउडच्या वाढत्या बिलाचा विषय निघाला की ठरलेले उत्तर मिळते: ‘बजेट लावलेय ना, ऐंशी टक्के झाले की मेल येतो.’ हिशेब करून पाहावा. महिन्याचे बजेट दहा हजार डॉलर, रोजचा नेहमीचा खर्च अडीचशे. एक तारखेला कोणी जीपीयूचे मशीन चालू करून विसरले आणि रोज दीडशे डॉलर जादा जाऊ लागले, तर ऐंशी टक्क्यांची घंटा विसाव्या दिवशी वाजेल. तोवर तीन हजार डॉलर गेलेले. बैल गेला अन् झोपा केला, तो हा असा. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडची, म्हणजे एडब्ल्यूएसची, ‘कॉस्ट अ‍ॅनोमली डिटेक्शन’ ही सेवा बेरजेकडे न बघता रोजची चाल बघते. हा बिघाड ती एक-दोन दिवसांत दाखवू शकते. तिचा मॉनिटर टेराफॉर्मने, म्हणजे क्लाउडची रचना कोडमध्ये लिहिण्याच्या साधनाने, लावावा, असे माझे म्हणणे.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: या सेवेचा इशारा उशिरा येतो. खरेच येतो. ही तपासणी दिवसातून साधारण तीनदा होते आणि खर्चाचे आकडेच चोवीस तासांपर्यंत मागे असतात. 2020 मध्ये ‘मिल्की वे’ या छोट्या कंपनीचा चाचणीचा कोड गूगल क्लाउडवर आपल्यालाच पुन्हा पुन्हा बोलावत सुटला. बजेट सात डॉलरचे, बिल 72 हजारांचे, तेही काही तासांत! (गूगलने ते पुढे माफ केले.) अशा वणव्याला इशारा पुरत नाही, तिथे एका वेळी किती इन्स्टन्स चालावेत यावर आधीच मर्यादा हवी. पण वणवा विझवता येत नाही म्हणून गळती शोधायचीच नाही, हा कुठला न्याय? बहुतेक बिले एका रात्रीत फुगत नाहीत, गळतात.

राहिला ‘कन्सोलमध्ये चार क्लिकचे काम, त्याला टेराफॉर्म कशाला?’ हा सवाल. मार्च 2023 पासून कॉस्ट एक्सप्लोरर हे खर्च पाहण्याचे साधन नव्याने सुरू करणाऱ्यांना एडब्ल्यूएस आपणहून एक मॉनिटर लावून देते: जादा खर्च शंभर डॉलर आणि चाळीस टक्के यांच्या वर गेला की दैनिक सारांश. महिना पाचशे डॉलर खर्चणाऱ्यालाही तेच माप, पाच लाख खर्चणाऱ्यालाही तेच. ते बदलायचे कोणी? क्लिक करून बदलले तर का बदलले याची नोंद कुठे राहणार? कोडमध्ये मर्यादा एका ओळीत दिसते, ती वाढवणाऱ्याला रिव्ह्यूत कारण द्यावे लागते आणि नव्या खात्याला तोच मॉनिटर तसाच लावता येतो.

खरी मेख पुढे आहे. मॉनिटरच्या सबस्क्रिप्शनमधून तत्काळ इशारा थेट ईमेलवर मिळत नाही. ईमेलला दैनिक किंवा साप्ताहिक सारांशच येतो. त्यातून तत्काळ हवा तर एसएनएस या एडब्ल्यूएसच्या संदेशसेवेचा टॉपिक लागतो आणि त्याच्या पॉलिसीत ‘कॉस्टअलर्ट्स डॉट अ‍ॅमेझॉनएडब्ल्यूएस डॉट कॉम’ या सेवेला संदेश पाठवायची परवानगी द्यावी लागते. ती राहिली तर मॉनिटर हिरवा दिसतो, बिघाडही पकडतो, फक्त कोणाला कळत नाही! मॉनिटर, सबस्क्रिप्शन आणि ही पॉलिसी एकाच फाइलीत असली की ही चूक रिव्ह्यूत पकडता येते. क्लिकच्या वाटेवर ती बिल आल्यावरच सापडते.

सारखे इशारे येऊन लोक कंटाळतील, असेही म्हटले जाते. मग रक्कम आणि टक्केवारी या दोन्ही अटी एकत्र लावाव्यात आणि इशारा व्यवस्थापकाच्या मेलपेटीत न टाकता ज्या टीमचे मशीन आहे तिच्या चॅनेलवर पाठवावा. या शोधसेवेसाठी एडब्ल्यूएस वेगळा आकार घेत नाही, तेव्हा खर्चाची सबबही उरत नाही.