दुधाचे दात आणि आईचा दिवस

जानेवारी २०२५ मध्ये आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे नाव देशभर झाले. शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, काळवड, हिंगणा अशा गावांमध्ये माणसांचे केस गळू लागले आणि काही दिवसांतच टक्कल पडू लागले. वार्ताहर आले, आयसीएमआरची पथके आली, पाण्याचे आणि रक्ताचे नमुने गेले, रेशनच्या गव्हाचीही तपासणी झाली. हे सगळे व्हायलाच हवे होते. पण त्या दिवसांत एक विचार माझ्या मनातून जात नव्हता. याच जिल्ह्यात अंगणवाड्यांमधून फिरताना मी चार-चार वर्षांच्या मुलांची काळी पडलेली, झिजून हिरडीला टेकलेली दातांची खुंटे वर्षानुवर्षे पाहते आहे. त्यावर गावात कधी साधी चर्चाही होत नाही. का, तर दुधाचेच तर दात! ‘पडतीन अन् नवे येतीन, त्याले काय?’ असे म्हणून विषय संपतो.

तो संपू नये, म्हणून हा लेख.

मेहकर तालुक्यातल्या एका गावात सेविकाताईंनी मला एका मुलीचे वजन दाखवले. वय चार वर्षे, तीन महिने काटा जागचा हललेला नव्हता. घरात अन्न कमी पडत असेल, असा माझा अंदाज. घरी गेले तर आजी म्हणाली, ‘भाकर एकाच गालात ठेवते, चावतच नाही.’ मी पोरीचा ओठ वर केला. वरचे पुढचे चारही दात काळे, आणि खाली किडलेल्या दाढेशेजारी हिरडीवर पुवाने भरलेला फोड. अन्न घरात होते, चावायला दात नव्हते.

तिला घेऊन आम्ही दवाखान्यात गेलो. आईची त्या दिवसाची मजुरी बुडाली. डॉक्टरांनी तोंड पाहिले आणि आईकडे वळून विचारले, ‘दात घासून देता येत नाहीत? बिस्किटं कशाला देता?’ ती खाली पाहत राहिली. आणि तिच्या बाजूने म्हणून गेलेली मी, डॉक्टरांच्या बोलण्यावर मान हलवत होते. त्या मान हलवण्याची मला आजही लाज वाटते. समाजकार्याच्या अभ्यासात व्यक्तिसहयोग कार्याचे धडे मी चांगल्या गुणांनी पास झाले होते. समोरच्या बाईचा दिवस कसा जातो हे विचारायचे मात्र त्या दिवशी सुचले नाही.

परत येताना तीच बोलली. ‘निंदाले जा लागते न ताई. पोट्टी मोठीपाशी असते. रडली का ती पुडा देते. मंग काय करू, तुमीच सांगा.’

तिचा दिवस असा. पहाटे पाचला उठणे, पाणी, चूल, डबे. नऊच्या आत दुसऱ्याच्या सोयाबीनमध्ये निंदणाला. अंगणवाडी दुपारी सुटते, ही घरी येते दिवेलागणीला. मधल्या वेळात धाकटीला सांभाळते नऊ वर्षांची थोरली, हंगामात शाळा बुडवून. तिच्या हातात आईने ठेवलेले पाच-दहा रुपये असतात. पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा रडणाऱ्या मुलाला तासभर गप्प ठेवतो. रात्री पोर रडले तर सासू आणि नवऱ्याची झोपमोड होते, म्हणून साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात. गावाने पाळणाघर दिले नाही, तेव्हा तिने तिच्या ऐपतीतले पाळणाघर शोधले. ते पाच रुपयांना दुकानात मिळते.

यात दात कसे किडतात, हे आपण कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यायला हवे. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचे वरचे कवच विरघळवते. खाणे थांबले की लाळ ते नुकसान हळूहळू भरून काढते. त्यासाठी तिला वेळ लागतो. म्हणून गोड किती खाल्ले यापेक्षा ते दिवसातून किती वेळा खाल्ले, हे जास्त महत्त्वाचे. जेवणासोबत एकदा खाल्लेला गूळ परवडतो. दिवसभर एकेक करून चघळलेली बिस्किटे परवडत नाहीत. झोपेत लाळ कमी होते, म्हणून बाटली तोंडात ठेवून झोपणे सर्वांत वाईट. किडीची पहिली खूण म्हणजे वरच्या पुढच्या दातांवर, हिरडीलगत दिसणारे खडूसारखे पांढरे पट्टे. तेव्हाच लक्ष दिले तर कीड थांबवता येते.

आणि दुधाचे दात ‘पडणारच’ हे अर्धेच खरे आहे. दुधाचे वीस दात साधारण अडीच-तीन वर्षांपर्यंत येतात. त्यांतल्या दाढा पडतात दहा-बारा वर्षांच्या आसपास. म्हणजे सात-आठ वर्षे मुलाने त्यांवरच जेवायचे असते. त्या नव्या दातांची जागाही धरून ठेवतात. शिवाय साधारण सहाव्या वर्षी सगळ्यांच्या मागे एक दाढ येते. ती येताना कुठलाच दात पडत नाही, म्हणून घरचे तिलाही दुधाचीच समजतात. ती कायमची असते. ती गेली की पुन्हा येत नाही.

बायकांच्या तोंडाबद्दलही आपण बोलत नाही. शेतात उपाशीपोटी राबताना भूक मारायला तपकीर किंवा मशेरी लागते आणि मग सुटत नाही. दाढ दुखणाऱ्या पोराच्या दातावर आजीने चिमूटभर तपकीर दाबलेली मी पाहिली आहे; प्रेमाने, दुसरे औषध हाताशी नाही म्हणून. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी केली आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पण तपकिरीची डबी दंतमंजन म्हणून विकली जात नाही, त्यामुळे ती अजून प्रत्येक टपरीवर आहे. ती आपल्या बचत गटांच्या बैठकीतही फिरते, हे मान्य करून बोलायला सुरुवात करू या.

घरात काय करता येईल? पहिला दात आला की घासायला सुरुवात. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी फ्लोराईडची पेस्ट. रात्री झोपताना घासणे चुकवायचे नाही, आणि त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही. आठवड्यातून एकदा ओठ वर करून पाहायचे. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाला स्वतःचे दात नीट घासता येत नाहीत, मोठ्या माणसानेच घासून द्यावे लागतात. आता प्रश्न असा, की हे मोठे माणूस नेहमी आईच का? दोन मिनिटांचे काम आहे. त्यासाठी बापाला शेताचा सातबारा लागत नाही. आपल्या शिबिरांत ‘मातांनो, मुलांचे दात घासा’ अशी पत्रके वाटली जातात. ‘बाबांनो’ असे लिहिलेले पत्रक मी अजून पाहिलेले नाही.

पण घराच्या आत सगळे मिटणार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी करायची, आणि तपासायच्या आजारांच्या यादीत दातांची कीड आहे. मी पाहिले ते असे, की पथक येते, ‘दात किडलेले’ अशी नोंद होते, चिठ्ठी मिळते. त्या चिठ्ठीची किंमत आईची एक दिवसाची मजुरी आणि बसभाडे. बहुतेक चिठ्ठ्या घरातच राहतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सिल्व्हर डायअमाइन फ्लोराईड हे औषध अत्यावश्यक यादीत घेतले. ते किडलेल्या दातावर लावले की कीड बहुतेकदा तिथेच थांबते. दात काळा राहतो, पण ना मशीन लागते, ना वीज. असे औषध गावात का येऊ नये?

दुसरी मागणी पाळणाघराची. रोजगार हमीच्या कामांवर पाळणाघराची तरतूद महाराष्ट्रात जुनी आहे. २००५ च्या केंद्रीय कायद्यातही, कामावर पाच किंवा अधिक लहान मुले असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमावी, असे लिहिले होते. २०२२ मध्ये ‘पाळणा’ योजनेखाली अंगणवाडीला जोडून पाळणाघरे काढायचे ठरले. पण निंदण आणि वेचणी चालते खासगी शेतात, तिथे कुणाचीच जबाबदारी नाही. निदान हंगामात अंगणवाडी संध्याकाळपर्यंत चालावी, ही मागणी ग्रामसभेत मांडली पाहिजे. मात्र हे वाढीव काम सेविका-मदतनिसांवर फुकटात लादायचे नाही. मानधनासाठी त्यांना डिसेंबर २०२३ मध्ये संपावर जावे लागले होते. एका बाईचा दिवस हलका करण्यासाठी दुसरीचा जड करणे, हा आपला मार्ग नव्हे.

त्या मुलीची दाढ काढावी लागली. फोड बसला, ती जेवू लागली, काटा हलला. आता ती पाचाची आहे. सहाव्या वर्षीची दाढ यायला वर्षभर उरले आहे आणि पाच रुपयांचा पुडा अजून तिथेच आहे. मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला आपापल्या मुलांना घेऊन या, आणि त्यांच्या बाबांनाही. ओठ वर करून पाहू या. आणि जे दिसेल त्यासाठी आईला जाब विचारण्याआधी, तिचा दिवस किती वाजता सुरू झाला ते विचारू या.