न्हाणीघरातली दिवाळी

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आठ ते दहा या वेळात सभ्य गृहस्थ कोठे असतात? कुणी गच्चीवर, कुणी फाटकाशी, कुणी शेजाऱ्यांची चकली आपल्यापेक्षा बरी झाली आहे की काय हे पाहायला गेलेले. मी मात्र गेली अकरा वर्षे या वेळी न्हाणीघरात असतो. स्टुलावर. खिडकीला जुनी चादर लावलेली, बाहेर रेडिओ मोठ्याने चालू, आणि माझ्या दोन पायांच्या मध्ये डोके खुपसून थरथरत बसलेला आमचा मोत्या.

हा मोत्या २०१३ च्या पावसाळ्यात घरी आला. आला म्हणजे, कन्येने दप्तरातून आणला. पौड रस्त्यावर एका बंद दुकानाच्या पायरीखाली भिजत होता म्हणे. पाहुणे अजूनही "जात कोणती?" म्हणून विचारतात. (आपली ही हौस कुत्र्यापर्यंत जाऊन पोहोचली आहे.) मी "कोथरूड" असे सांगतो.

आईचा कडाडून विरोध. मुलांनी तिच्याच देवघरातली दत्ताची तसबीर पुढे केली. "आजी, बघ, दत्ताजवळ तर चार आहेत!"

"दत्ताला फरशी पुसायची नव्हती," आई म्हणाली.

याला शास्त्रातसुद्धा उत्तर नसावे. तरी मोत्या राहिला. कारण तिसऱ्या दिवशी आईनेच त्याला दूधपोळी कुस्करून घातली. उपाशी झोपला तर रात्रभर केकाटेल, एवढेच कारण तिने दिले.

कुत्रा पाळला की घरच्या कर्त्या पुरुषाचे नाव बदलते. सकाळी टेकडीवर मला सगळे 'मोत्याचे बाबा' म्हणतात. तिथे 'ब्रूनोची आई' असते, 'शेरूचे आजोबा' असतात. रोज भेटणाऱ्या या मंडळींची आडनावे मला ठाऊक नाहीत. पण ब्रूनोला जुलाब झाले तर दुपारच्या आत कळते. रेबीजची लस दर वर्षी चुकवायची नाही, पालिकेचा परवाना वेळेवर काढायचा, हे सारे ज्ञान मला टेकडीवरच झाले. पुढे आमच्या सोसायटीच्या सभेत 'कुत्र्यांनी लिफ्ट वापरू नये' असा ठराव आला, तेव्हा शेरूच्या आजोबांनी भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ सालच्या पत्रकाची प्रत मला आणून दिली. लिफ्टला मनाई करता येत नाही आणि त्यासाठी पैसेही मागता येत नाहीत, असे त्यात चक्क लिहिलेले. ठराव बारगळला. तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी माझ्याशी आठ महिने अबोला धरला. त्याआधी आम्ही काय बोलत होतो, तेही मला आठवेना.

मोत्याची पहिली दिवाळी लाडवांनी गाजली. रव्याचे सात लाडू त्याने एका बैठकीत संपवले. आम्ही पोट धरून हसलो. सौ.ने गंमत म्हणून डॉक्टरांना फोनवर सांगितले, तर ते हसेनात.

"लाडवात बेदाणे होते का?"

होते. प्रत्येकावर एक, आत आणखी दोन-चार. द्राक्षे आणि बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ले म्हणजे बाधेल याचा काही भरवशाचा हिशेब नाही, हे त्या दिवशी कळले. नरकचतुर्दशीची दुपार दवाखान्यात त्याला ओकाऱ्या करवण्यात गेली. तेव्हापासून आमच्या लाडवांना काजू लागतो.

आणि त्याच रात्री फटाक्यांचा पहिला भडिमार सुरू झाला, तेव्हा मोत्या जो न्हाणीघरात बादलीमागे शिरला तो सकाळपर्यंत बाहेर आला नाही. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज कळतो, कुत्र्याच्या कानाला सुमारे ४५,००० पर्यंतचा. शिवाय आपल्याला निदान आज सण आहे एवढे ठाऊक असते. त्याला तेही कुणी सांगितलेले नसते.

पुढच्या वर्षापासून आम्ही घरात फटाके आणणे बंद केले आणि त्याच्याजवळ बसण्याच्या पाळ्या लावल्या. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने दिवाळीत फटाक्यांची वेळ रात्री आठ ते दहा ठरवून दिली. त्यामुळे आमच्या पाळीची वेळ तेवढी पक्की झाली. सुतळी बाँबला घड्याळ कळत नाही.

पण या पाळ्यांनी एक वेगळेच झाले. तिथे दुसरे काही करण्यासारखे नसल्यामुळे माणसे बोलू लागली. चिरंजीवांना इंजिनियर व्हायचे नाही, ही बातमी मला न्हाणीघरात मिळाली. दिवाणखान्यात मिळती, तर मी उभा राहून बोललो असतो. न्हाणीघरात कुणी उभे राहिले की मोत्या अधिकच थरथरे. तेव्हा मी बसून ऐकले. कन्येने बंगळूरच्या नोकरीचे तिथेच सांगितले. इतकेच काय, आपल्याला कानाने कमी ऐकू येते हे आईने पहिल्यांदा कबूल केले तेही तिथेच, मोत्याच्या पाठीवरून हात फिरवता फिरवता.

यंदा गणपतीच्या मिरवणुकीत ढोलताशाचे पथक आमच्या फाटकाशी अर्धा तास थांबले. मी सवयीने चादर घेऊन धावलो. पाहतो तो मोत्या पंख्याखाली चारी पाय ताणून झोपलेला! मला इतका आनंद झाला की मी सौ.ला हाक मारली, "अगं, हा धीट झाला बघ!" सौ.ने त्याच्या कानामागे दोन टाळ्या वाजवल्या. मग माझ्याकडे पाहिले.

डॉक्टर म्हणाले, वयाने होते असे. झोपेत मागून एकदम हात लावू नका, दचकून चावेल. हातांच्या खुणा शिकवा. बोलवायचे तर जमिनीवर पाय आपटा, हादरा त्याला कळेल. पाय आपटणे आईला जमत नाही. ती काठी आपटते. जेवणाच्या वेळी दोन ठोके, की मोत्या उठून तिच्या खुर्चीपाशी हजर. आई त्याला काहीतरी सांगते. त्याला ते ऐकू येत नाही, आणि तो भुंकला तर आईला ऐकू येत नाही. दोघांचे छान चालले आहे.

परवा बंगळूरहून कन्येचा फोन आला. लक्ष्मीपूजनाला येणार आहे.

"बाबा, यंदा न्हाणीघरात पहिली पाळी कुणाची?"

मी तिला सगळे सांगितले. आता गरज नाही म्हटले. ती बराच वेळ काही बोलली नाही.

"पण मला तुमच्याशी जरा बोलायचं होतं," ती म्हणाली.

स्टूल धुऊन ठेवले आहे.